परातीत मांडलेली पेशी

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आम्ही नवापूर तालुक्यातल्या नऊ जणी बोलतोय. माइकसमोर एकच बसली आहे, पण भाषण सगळ्यांनी मिळून लिहिलं, म्हणून 'आम्ही'. आमच्यातल्या दोघी शाळेत विज्ञान शिकवतात, तिघी आशा आहेत, एक अंगणवाडीत आहे आणि उरलेल्या तिघी घर-शेत सांभाळून दारात गावठी कोंबड्या पाळतात.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एक छोटं अ‍ॅनिमेशन तयार केलं. म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवून, दर वेळी फोटो काढून तयार केलेलं चलचित्र. जेमतेम दोन मिनिटांचं आहे. विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःसारखे हजारो कसे करून घेतो, एवढंच त्यात आहे. ते का केलं, कसं केलं आणि करताना आमचं काय चुकलं, हे आज सांगायचं आहे. रेडिओवर चित्र दिसत नाही, हे खरं. पण आमचं सगळं सामान स्वयंपाकघरातलं आहे. परात, वाटी, मोहरी, लवंगा. ते तुमच्या डोळ्यांसमोर आहेच.

आधी प्रश्न सांगतो. कारण चलचित्र त्या प्रश्नासाठी केलं.

१८ फेब्रुवारी २००६. त्या दिवशी आपल्या नवापूरचं नाव देशभरातल्या बातम्यांत आलं. इथल्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मरत होत्या. सुरुवातीला लोकांना वाटलं, मानमोडी आली, राणीखेत आलं. पण भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासून सांगितलं की हा बर्ड फ्लू आहे, एच५एन१ नावाचा विषाणू. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो इथे. आपलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. रोगही तसाच, पलीकडे उच्छलमध्येही निघाला.

मग पांढरे पोशाख, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मे घातलेली पथकं आली. पोल्ट्रीतले पक्षी मारले, खड्डे खणून पुरले. त्यानंतर पथकं आजूबाजूच्या गावांत घरोघरी आली आणि दारातल्या कोंबड्याही घेऊन गेली. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी तेव्हा अंड्यावर बसलेली कोंबडी कणगीत लपवली होती. कोंबडी ओरडली आणि सापडली. सासूबाई आजही ते सांगताना गप्प होतात. दारातली कोंबडी म्हणजे बाईच्या हातातला पैसा. मुलाची वही, पाहुण्यांचं जेवण, आजारपणात दवाखान्याला जायचं भाडं, सगळं तिच्यावर.

त्या वेळी माणसांचेही नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले. माणसांत लागण आढळली नाही. ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यातूनच गावात एक बोलणं सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही. लोक म्हणतात, रोग नव्हताच. असता तर माणसं मेली नसती का?

२०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू निघाला. पुन्हा पक्षी मारावे लागले. आमची एक आशाताई घरोघरी माहितीपत्रक वाटत फिरत होती. एका आजीबाईंनी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पोरी, मागच्या खेपेला मेलेल्या कोंबड्या मी या हातांनी उचलल्या. कोंबड्या एका रात्रीत गेल्या. मला साधी सर्दी झाली नाही. मग हा कसला रोग?"

आशाताईकडे उत्तर नव्हतं. पत्रकात होतं हात धुवा, आजारी कोंबडीला हात लावू नका. काय करायचं ते होतं, का करायचं ते नव्हतं.

हा प्रश्न आमच्या मनात राहिला. आजीबाईंचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, नीट विचार करून विचारलेला आहे. त्याचं उत्तर पेशीच्या आत घडतं, आणि पेशीच्या आतलं डोळ्यांना दिसत नाही. दाखवायचं तर चित्र हलवूनच दाखवावं लागतं.

पहिल्यांदा आम्ही मोबाइलवर एक तयार चलचित्र मिळवलं. रंगीत होतं, संगीत जोरात होतं. त्यात विषाणूला शिंगं होती, लाल डोळे होते, दात विचकून तो पेशीवर झडप घालत होता. एका अंगणात पंधरा-वीस जणींना दाखवलं. मुलं हसली, टाळ्या पिटल्या. पण मागे बसलेल्या एका बाईने हळूच विचारलं, "याला पाठवलं कुणी?"

आम्ही मोबाइल बंद केला. आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आजार कुणीतरी पाठवला म्हटलं की पाठवणारी शोधायला लोक निघतात आणि एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवतात. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तरी ही भीती पुरती गेलेली नाही. विषाणूला राक्षस करून आम्ही त्या भीतीलाच खतपाणी घालत होतो. त्या दिवशी ठरलं, आपलं चित्र आपणच करायचं आणि त्यातल्या विषाणूला चेहरा द्यायचा नाही.

कसं करायचं ते मात्र कुणालाच येत नव्हतं. मग विज्ञानाच्या बाईंनी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. आपला पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी, १९१२ च्या सुमारास, त्यांनी एका वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते चित्रित केलं होतं. रोप वाढत होतं तसतशी थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपली. सगळ्या चौकटी सलग दाखवल्या तेव्हा पाहणाऱ्यांसमोर दाण्यातून कोंब आला आणि रोप उभं राहिलं. जे इतकं सावकाश घडतं की डोळ्यांना दिसत नाही, ते त्यांनी दाखवलं. आम्हाला जे इतकं बारीक आहे की डोळ्यांना दिसत नाही, ते दाखवायचं होतं. रीत तीच. आणखी एक आठवण निघाली. टीव्हीवर लागायची ती 'एक अनेक और एकता' ही १९७४ सालची कार्टून फिल्म. ती विजया मुळे या मराठी बाईंनी लिहिली होती. मुलांना शिकवण्यासाठी चित्र हलवायचं, हे आपल्याकडे नवं नाही.

आता डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर परात ठेवली. ही पेशी. आपलं शरीर अशा कोट्यवधी पेशींचं बनलेलं आहे. परातीच्या काठावर कणकेची गोल वळी लावली. ते पेशीचं आवरण. मधे वाटी पालथी घातली. ते पेशीचं केंद्र, तिथे पेशीचा सगळा हिशोब ठेवलेला असतो. परातीत मोहरी पसरली. हे रायबोसोम, पेशीतले कारागीर. शरीराला लागणारी प्रथिनं हेच बनवतात. कणकेच्या काठावर बाहेरून मणी टोचले. ही कुलपं.

विषाणू म्हणजे कणकेचा लहान गोळा, सगळीकडून लवंगा टोचलेला. धोतऱ्याच्या फळासारखा दिसतो. गोळ्याच्या पोटात दोऱ्याचे आठ तुकडे घातले. फ्लूच्या विषाणूत जनुकांचे असे आठच तुकडे असतात.

इथे आमच्यातली एक शिवणकाम करणारी म्हणाली, "म्हणजे याच्याकडे मशीन नाही, कापड नाही, नुसता मापाचा कागद आहे." आम्हाला हे फार पटलं. विषाणू खात नाही, वाढत नाही, बाहेर पडून असेल तर काही करत नाही. त्याच्याजवळ फक्त माप आहे. ते माप दुसऱ्याच्या शिलाई मशीनवर गेलं तरच त्याचे कपडे शिवले जातात.

फोटो सुरू झाले. मोबाइल दोन विटांवर आडव्या पट्टीला बांधला, तोंड खाली. गोळा जराशा अंतराने सरकवायचा, हात बाहेर काढायचा, फोटो घ्यायचा. एका सेकंदाला आठ फोटो, म्हणजे दोन मिनिटांना नऊशे साठ. चार दुपारी त्यात गेल्या.

पहिलं दृश्य: गोळा काठाला लागतो. लवंग मण्यात बसली तरच चिकटतो, नाही तर घरंगळून जातो.

दुसरं दृश्य: काठ आत वळतो आणि गोळ्याभोवती पिशवी तयार होते. विषाणू दार फोडत नाही. पेशी स्वतःच त्याला आत घेते, जशी ती बाहेरच्या इतर गोष्टी आत घेते. मग पिशवीत आंबटपणा वाढतो. दूध आंबट झालं की फाटतं ना, तसा आंबट झाल्यावर विषाणूच्या लवंगांचा आकार बदलतो, पिशवीला भोक पडतं आणि दोरे आत सुटतात.

तिसरं दृश्य: आठही दोरे वाटीखाली जातात. तिथे त्यांच्या प्रती निघतात. काही प्रती मोहरीकडे येतात. मोहरीला कळत नाही की हे माप घरचं नाही. ती शिवत सुटते. लवंगा तयार होतात, आतले भाग तयार होतात.

चौथं दृश्य: सगळे भाग काठाशी जमतात, काठाला फुगवटा येतो आणि नवा गोळा बाहेर पडतो. अंगावर आपल्याच पेशीच्या आवरणाचा तुकडा पांघरून. जाताना एक बारीक कात्री पेशीशी चिकटलेलं टोक कापते. एच५एन१ या नावातला एच म्हणजे ही चिकटणारी लवंग आणि एन म्हणजे ही कात्री. त्यांचे प्रकार ओळखायला पाच आणि एक हे आकडे.

एक विषाणू शिरल्यापासून साधारण सहा ते आठ तासांत नवे बाहेर पडू लागतात. एका पेशीतून शेकडो, कधी हजारो. शंभरच धरा. शंभराचे दहा हजार, दहा हजारांचे दहा लाख. एका दिवसात. पेशी मात्र या कामात मरून जाते.

आता आजीबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही परातीच्या काठावर दोन तऱ्हेचे मणी लावले, पांढरे आणि लाल. कोंबडीच्या पेशीवर पांढरे कुलूप असतं. आपल्या नाकात आणि घशात बहुतेक लाल. बर्ड फ्लूची लवंग पांढऱ्यात नीट बसते, लालमध्ये सहसा बसत नाही. आपल्यात पांढरी कुलपं आहेत, पण ती खोल फुप्फुसात. म्हणून कोंबडीकडून माणसाला हा रोग सहज होत नाही. होतच नाही असं मात्र नाही. जगभरात माणसांना एच५एन१ झाल्याच्या ज्या नोंदी आहेत, त्यांतले जवळपास निम्मे रुग्ण दगावले. आपल्या देशात २०२१ च्या जुलैमध्ये हरियाणातला एक लहान मुलगा दिल्लीत या रोगाने गेला.

कोंबड्या एका रात्रीत का गेल्या? साध्या फ्लूच्या लवंगेला वापरण्याआधी धार लावावी लागते, आणि ती धार लावणारं द्रव्य शरीराच्या काही भागांतच असतं. म्हणून तो फ्लू तिथेच राहतो. एच५एन१ ची लवंग अशी आहे की तिला कोंबडीच्या जवळजवळ प्रत्येक अवयवात धार लागते. फुप्फुस, यकृत, मेंदू, सगळीकडे एकदम. तुरा निळा पडतो आणि पक्षी कोसळतो.

मग माणसांना होत नव्हता तर निरोगी दिसणाऱ्या कोंबड्या का मारल्या? यासाठी आम्ही शेवटचं दृश्य केलं. एकाच परातीत दोन गोळे शिरतात. एकाचे दोरे निळे, हा पक्ष्यांचा फ्लू. दुसऱ्याचे पिवळे, हा माणसांचा. आत आठ निळे आणि आठ पिवळे दोरे मिसळतात. नव्या गोळ्यात काही निळे जातात, काही पिवळे. शिवणाऱ्या मैत्रिणीच्या भाषेत, एकाची बाही आणि दुसऱ्याचा गळा. असा एखादा गोळा लाल मण्यात बसणारा निघाला तर तो माणसामाणसांत पसरू शकतो. १९५७ आणि १९६८ सालच्या जगभर पसरलेल्या फ्लूच्या साथी अशाच सरमिसळीतून आल्या होत्या. जितके पक्षी आजारी, जितक्या परातींत हा विषाणू शिरतो, तितक्या वेळा अशी संधी. पक्षी मारले ते ही संधी कमी करायला, आणि रोग पुढच्या गावच्या कोंबड्यांत जाऊ नये म्हणून.

याच परातीतून आणखी दोन गोष्टी आपोआप कळतात. फ्लूवर अँटिबायोटिकची गोळी का चालत नाही? ती गोळी जिवाणूंच्या यंत्रणेवर घाव घालते. विषाणूला स्वतःची यंत्रणाच नाही, मशीन आपलं आहे. आणि पिल्लांच्या डोळ्यांत-नाकात मानमोडीच्या लसीचे थेंब पहिल्या आठवड्यातच का टाकायचे? कारण एकदा दोरे आत सुटले की फार घाई होते. लवंग मण्याला लागायच्या आधी शरीराला तिची ओळख झालेली हवी.

आता आमच्या चुका. पहिल्या खेपेला आम्ही गोळा सरळ मण्याकडे चालत नेला. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "याला पाय आहेत का? डोळे आहेत का? रस्ता कसा कळला?" बरोबर होतं. विषाणू धक्के खात भटकतो, बहुतेक वेळा कुठेच पोचत नाही, एखादाच चुकून लागतो. आम्ही ते सगळे फोटो पुन्हा काढले. गोळा डगमगत आला, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा लागला. राक्षस काढून टाकला तरी हेतू शिल्लक राहिला होता, तो असा काढावा लागला.

दुसरी चूक आकाराची. आमचा गोळा लिंबाएवढा. खरं प्रमाण धरलं तर परातीएवढ्या पेशीपुढे विषाणू मोहरीएवढा हवा, आणि कारागीर रव्याच्या कणाएवढे. तसं केलं तर मोबाइलवर काहीच दिसेना. म्हणून आकार तसेच ठेवले, पण सुरुवातीलाच सांगतो की हे मोजमाप खरं नाही. रंगही खरे नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये करोनाच्या विषाणूचं छायाचित्र प्रसिद्ध केलं, ते करड्या रंगाचं आहे. विषाणू इतका लहान की त्याला रंग असा नसतोच.

आवाज आम्ही भरलाच नाही. मूक चित्र लावतो आणि समोर कोण बसलंय ते बघून कुणी मावचीत सांगते, कुणी अहिराणीत, कुणी मराठीत. प्रत्येक दृश्यानंतर थांबवतो आणि विचारतो, आता काय होईल? बायका बरोबर सांगतात. नुसतं सलग दाखवलं तर गंमत म्हणून बघतात आणि विसरतात, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

त्या आजीबाईंनाही दाखवलं. त्यांनी दोनदा लावायला सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे रोग खरा होता. माझ्या घशाला त्याचं कुलूप नव्हतं म्हणून मी वाचले." मग थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नऊ कोंबड्या नेल्या. हे एवढं परातीतलं तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर मी स्वतः आणून दिल्या असत्या."

यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. ज्यांच्याकडून मागायचं त्यांना कारण समजावून सांगायचं, हे राहूनच गेलं होतं.

मैत्रिणींनो, बर्ड फ्लू दोनदा येऊन गेला, पुन्हा येऊ शकतो. म्हणून जाता जाता कामाचं. दारातल्या कोंबड्या एकदम मरायला लागल्या, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर थांबू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत कळवा. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून लवकर कळवण्यात आपलाच फायदा आहे. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, रंगावलीत किंवा नाल्यात टाकू नका, कापून खाऊ नका, घाईघाईने बाजारात विकू नका. मुलांना लांब ठेवा. अंडी-कोंबडी नीट आतपर्यंत शिजवलेली असेल तर सत्तर अंशांच्या वर विषाणू टिकत नाही, त्याची भीती नको. आजारी कोंबड्यांजवळ वावरलेल्या कुणाला ताप-खोकला आला तर दवाखान्यात कोंबड्यांचं आधी सांगा.

आणि घरी एकदा परात मांडून बघा. मोबाइल नसला तरी चालेल. वहीच्या कोपऱ्यात एकेका पानावर गोळा थोडा थोडा पुढे काढा आणि पानं भरभर सोडा, चित्र हलेल. मुलांना काढू द्या. फक्त त्याला डोळे आणि दात काढू नका, एवढी विनंती आहे.